शिवणाचा खडू

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी बोट दाखवायला नको. जन्मापासूनची नाही. लढाईच्या आधी माझ्या दुकानाला कुलूप नसायचं, नुसती कडी. मग लढाई झाली, आम्ही हरलो, तह झाला, आणि तहानंतर गावात जो तो दुसऱ्याच्या पाठीवर डोळा ठेवायला लागला. मी तर पडले शिवणवाली. लोकांच्या पाठी बघणं हा माझा धंदाच आहे.

तह मोठ्या लोकांनी मोठ्या टेबलावर केला. आमच्या वाट्याला आला त्याचा कागद. तो प्रत्येक दुकानात काचेच्या चौकटीत लावायचा, डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्यावर धूळ दिसली तर दंड. एकेचाळीस कलमं. पहिलं असं, की लढाईचा सगळा दोष आमचा. सगळा! आमच्यात दोषी नव्हते असं मी म्हणत नाही. होते, आणि चांगले गलेलठ्ठ होते. पण ते तहाच्या आधीच बोचकी बांधून पसार झाले. मागे उरलो आम्ही, फडका घेऊन चौकट पुसायला.

बाकीची कलमंही तसलीच. गिरणीतली यंत्रं पलीकडच्यांनी गाड्या भरभरून नेली, भिंती तेवढ्या ठेवल्या. पडलेल्या शिपायांच्या नावाचा दगड लावायचा नाही, त्यांच्या घरच्यांना पेन्शन नाही. आणि सोळावं कलम: ज्याने एक दिवस जरी गणवेश अंगावर घातला, त्याने जन्मात कुणाला शिकवायचं नाही, आणि त्याची पोरं शाळेत घ्यायची नाहीत. हे सोळावं कलम आमच्या घरात शिरलं.

माझा धाकटा भाऊ भूमिती शिकवायचा. अख्खं गाव त्याला मास्तर म्हणायचं, मी धाकट्या म्हणते. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी सतराची. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला अंकगणितात पास करण्यापर्यंत सगळं मी केलं. लढाईच्या शेवटच्या महिन्यात त्याला बोलावणं आलं. गणवेश दोन मापं मोठा, तो मीच आत घेतला. एकोणीस दिवस त्याने कोठारात बटाट्याची पोती मोजली. बंदूक त्याने फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर बघितली. पण एकोणीस दिवस म्हणजे एकोणीस दिवस. यादीत नाव आलं आणि शाळेच्या शिपायाने त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

तेव्हापासून तो माझ्या दुकानात. इस्त्री करायची, बटणं लावायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. बटण लावताना म्हणायचा, "ताई, चार भोकं म्हणजे दोन कर्ण. कर्ण एकमेकांना कुठे छेदतात सांग बघू?" मी म्हणायची, "तुझ्या डोक्यात छेदतात. दोरा ओव." असला शिळा विनोद रोज एक. मला तो हवा होता. गाव, तह, दोष कुणाचा, यातलं मला काही पडलं नव्हतं. धाकटा संध्याकाळी समोर जेवायला बसला पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं.

दुकानात तिसरी होती काजवाली मावशी. शर्टांची काजं हाताने करायची, अंगाने भरलेली, स्वभावाने मऊ, कुणी मोठ्याने शिंकलं तरी दचकायची. तिचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला होता. कुठे पडला, कुठे पुरला, काही कळलं नाही. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही. सकाळी यायची, संध्याकाळी उरलेले काजांचे कपडे पिशवीत भरून घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी करून आणायची.

तहाच्या पाचव्या वर्षी भिंतींवर लिहिलेलं दिसायला लागलं. 'दोष कुणाचा? सही करणाऱ्याचा.' कधी 'मान वर करा.' लिहिणारे स्वतःला ताठ म्हणवत. आधी दहा-बारा टाळकी होती, लोक त्यांना हसायचे, 'ताठवाले आले, इस्त्रीला द्या' म्हणायचे. मग गिरणी गेली, मग शाळेतून पोरं काढली, आणि प्रत्येक खेपेला हसणारे चार कमी होत गेले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर जळत्या सुंभावर रोज कोणीतरी फुंकर घालत होतं.

एके दिवशी समोरच्या भिंतीवर लिहिलेलं पुसायला नगरपालिकेचा माणूस आला. ओला फडका मारतोय, मारतोय, आणि अक्षरं जायची सोडून नुसती पसरतायत. तो मला म्हणाला, "बाई, हा कसला खडू हो? शाळेचा असता तर एका हाताने गेला असता." मी दारातून गंमत बघत होते. रस्ता ओलांडून गेले, अक्षरावर नख ओढलं. नखात बारीक निळी मेणचट वळी आली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. शिवणाचा खडू. चपटा, साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा. त्यात मेण असतं, म्हणून कापडावर रेघ टिकते, आणि गरम इस्त्री फिरवली की विरघळून जाते. गावात शिवणाची दुकानं उरली होती तीन. बाकीचे दोघे पांढरा वापरतात. निळा फक्त माझ्याकडे.

दुकानात येऊन खडूचा डबा उघडला. नवा डबा, महिनाभर पुरायचा, त्यात तीन वड्या उरल्या होत्या. धाकटा इस्त्री करत होता.

"धाकट्या, खडू एवढा कसा संपला रे?"

"तू जोर देऊन रेघा मारतेस ताई. रागीट माणसाचा खडू लवकर संपतो."

हसला. पण बघितलं नाही माझ्याकडे. इस्त्री त्याच बाहीवर पुन्हा फिरवली, जी आधीच झाली होती. ज्याला मी चार वर्षांचा असल्यापासून वाढवलं तो खोटं बोलताना हातातलं काम दोनदा करतो.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बसले. दुपारी तीन वाजले की याचं काही ना काही निघायचं. "दोरा आणतो." "जरा पाय मोकळे करून येतो." दोरा आणायला दोन तास? पाच वाजता यायचा तो घामेजलेला, डोळ्यांत चमक, आणि बोटांच्या पेरांवर निळं. मी त्याचे खिसे बघितले. हो, बघितले. एका खिशात खडूचा तुकडा, दुसऱ्यात सुतळीचा गुंडाळा. सुतळी कशाला? बांधायला? कुणाला? मी स्वतःशीच एवढं विणत गेले की माझ्या मशीनला लाज वाटावी.

विचारलं नाही मी. हीच माझी चूक. विचारलं असतं तर कदाचित त्याने सांगितलं असतं. पण संशयाचं असं असतं, की विचारलं तर समोरचा सावध होईल असं वाटतं. आणि मग आपणच आपल्या माणसाच्या मागे चोरासारखे चालायला लागतो.

चालले मी. एका दुपारी मावशीला दुकानात बसवलं आणि त्याच्या मागे निघाले. तो रिकाम्या गिरणीत शिरला. मागच्या बाजूचा रंगखान्याचा दरवाजा. तिथे दोन दांडगे पोरगे उभे, अठरा-एकोणीस वर्षांचे, रस्त्याकडे तोंड करून, पहारा देतात तसे. मी भिंतीच्या आड थांबले. आतून धाकट्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो काहीतरी विचारायचा, आणि मग एकदम वीसेक गळ्यांतून जोरात उत्तर यायचं. पुन्हा तो, पुन्हा ते सगळे. मी पुढे गेले नाही, परत फिरले. चार पावलं पुढे गेले असते तर! पण नाही गेले.

त्याच आठवड्यात सहीवाल्यावर हल्ला झाला.

सहीवाला म्हणजे आमचा जुना पोस्टमास्तर. तह आला तेव्हा गावातून एकाने तरी मान्य आहे म्हणून सही करायची होती, त्याशिवाय धान्याच्या गाड्या आत सोडणार नव्हते. कोणी पुढे होईना. हा म्हातारा झाला. त्याने सही केली, गाड्या आल्या, आणि सगळ्या गावाने ते धान्य खाल्लं, मीही खाल्लं. आणि खाऊन झाल्यावर त्याचं नाव सहीवाला पडलं. दिवसाढवळ्या, बाजारातून येताना, चौघांनी त्याला घेरलं. डावा डोळा गेला. त्याच्या दारावर निळ्या खडूने लिहिलं होतं, 'आता दुसरा.' मी गर्दीतून वाट काढत गेले आणि पुन्हा नख ओढलं. तेच मेण.

घरी आले तर धाकटा जेवायला वाढून घेत होता. "कसं झालं गं बिचाऱ्याचं," म्हणाला. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. या हातांना मी घास धरायला शिकवलं होतं. मला त्याची भीती वाटली. ज्याला कडेवर घेऊन फिरले त्याची भीती वाटणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत.

"तू कुठे होतास दुपारी?"

"इथेच. दोरा आणायला." आणि त्याने एकदा घेतलेलं मीठ पुन्हा घेतलं.

तहकचेरीचा तपासनीस दर मंगळवारी यायचा. पलीकडचा माणूस, पण आमची भाषा पुस्तकातून शिकलेला, म्हणून आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा. चौकटीवर बोट फिरवून बघायचा, मग "धन्यवाद, बाई" म्हणायचा. उद्धट नव्हता, हेच त्याचं वाईट होतं; उद्धट माणसावर विश्वास ठेवायची चूक होत नाही. त्या मंगळवारी जाता जाता म्हणाला, "ज्यांच्या घरातील तरुण भरकटले आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितले तर आम्ही केवळ समज देतो. हमीपत्र घेतो आणि सोडून देतो. आम्ही पकडले तर मात्र फाशीपर्यंत जाते."

दोन दिवस माझी शिवण उलटसुलट पडत होती. आज ना उद्या हे लोक त्याला पकडणार, दोरी गळ्यात घालणार. त्यापेक्षा समज मिळाली, हमीपत्र झालं, थोडी बदनामी झाली, तर काय बिघडतं? मावशीला म्हणाले, "मावशी, आपलं माणूस बुडतंय असं दिसलं तर काय करावं?" तिने काजातून सुई ओढली आणि खाली बघूनच म्हणाली, "धरून ठेवावं बाई. नंतर धरायला काही उरत नाही." मी ते माझ्या मनासारखं घेतलं.

गुरुवारी सकाळी मी तहकचेरीत गेले. स्वच्छ खोली, पाण्याचा पेला पुढे केला. मी सांगितलं: रंगखाना, तीन ते पाच, पहाऱ्याला दोघे. आणि निक्षून सांगितलं, "माझा भाऊ भोळा आहे साहेब. त्याला कोणीतरी नादी लावलंय. त्याला फक्त समज द्यायची." त्याने ते सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, "समज द्यायची हेसुद्धा लिहा." त्याने तेही लिहिलं, आणि मी खाली सही केली. माझी सही, ठळक, कारण मला वाटलं मी भावाला वाचवतेय.

त्याच दुपारी छापा पडला. धाकट्याला नेलं, त्या दोन पोरग्यांना नेलं. मला बोलावलं ते खडू ओळखायला.

रंगखान्यात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. लांबलचक खोली, रंगाचे हौद कोरडे, आणि समोरची अख्खी भिंत निळ्या रेघांनी भरलेली. वर्तुळं. सुतळी धरून काढलेली, सुबक, मोठमोठी. त्रिकोण, त्यांचे लंब. एका कोपऱ्यात धाकट्याच्या वळणदार अक्षरात 'सिद्ध करा' आणि त्याखाली पोरांची वेडीवाकडी अक्षरं, कुणाचं बरोबर, कुणाचं चुकलेलं. अगदी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुणा चिमुरड्याने लिहिलेलं 'नऊ साते त्रेसष्ट.' जमिनीवर वीस-एक फाटके गोणपाट, बसायला अंथरलेले.

सोळाव्या कलमाची पोरं होती ती. ज्यांना शाळा बंद, त्यांची शाळा हा चालवत होता. एकेक करून पुढच्या फाटकातून यायची, म्हणून मला दिसली नव्हती. मी ऐकलं होतं ते त्यांचं पाढे म्हणणं.

मी अशी ओरडले की तपासनीस मागे सरकला. "अहो, हा तर शिकवत होता! भूमिती शिकवत होता माझा भाऊ!"

"होय, बाई," तो म्हणाला. खरंच ओशाळला होता. "दुर्दैवाने बंदी शिकवण्यावरच आहे. सोळावे कलम."

"मग समज द्या आणि सोडा! लिहून घेतलंत ना तुम्ही?"

"ताठवाल्यांसाठी मला समज देण्याचा अधिकार आहे. त्यांनी शरण यावे म्हणून तशी तरतूद आहे. शिकवणाऱ्यांसाठी तरतूद नाही."

धाकट्याला अकरा महिन्यांची शिक्षा झाली. एकाही पोराच्या बापाने कचेरीवर दगड मारला नाही छाप्याच्या दिवशी. नुसते गिरणीच्या फाटकाशी उभे होते, आणि मी बाहेर पडले तेव्हा त्यांनी मला वाट करून दिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी समोरच्या भिंतीवर पुन्हा लिहिलेलं होतं. 'मास्तराला सोडा. मान वर करा.' निळ्या खडूत.

मी दुकानात आले. मावशी काज करत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तिचा उजवा हात धरला आणि उलटा केला. नखांत निळं मेण. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एवढी वर्षं लोकांच्या पाठी बघणारी मी, शेजारी बसलेल्या बाईची नखं बघितली नाहीत. रोज पिशवीतून कपड्यांबरोबर माझा खडू तिच्या घरी जात होता. भावाने दहा वड्या नेल्या असतील तर हिने वीस.

"मावशी, तू?"

"मग कोण?" ती म्हणाली. आवाज तोच, मऊ. "लिहिता येणारं माणूस हवं होतं त्यांना. म्हातारीवर कोणी संशय घेत नाही."

"सहीवाल्याचा डोळा गेला मावशी! दारावर 'आता दुसरा' तू लिहिलंस?"

"माझ्या पोराच्या नावाचा दगड लावायचा नाही असं त्या कागदावर लिहिलंय. त्याखाली सही आहे." तिने सुई कापडात खोचून ठेवली. "मी दगड मागायला कचेरीत सहा वेळा गेले. सहाही वेळा पाण्याचा पेला पुढे केला त्यांनी. ताठवाल्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, मावशी, तुमच्या मुलाचं नाव काय? एवढंच विचारलं. पाच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा."

ते खरं होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्त राग आला. "मग माझ्या भावाला का जाऊ दिलंस? तुला ठाऊक होतं तो निर्दोष आहे!"

"मी तुला धरून ठेव म्हटलं होतं बाई. पाठवलंस तू."

तिला मी कामावरून काढलं नाही. तिचं नाव सांगायलाही गेले नाही. एकदा जाऊन आले होते, बास झालं.

धाकट्याने अकरा महिन्यांत मला एकदाही भेटू दिलं नाही. डबा घेऊन जायची, डबा परत यायचा, तसाच भरलेला. पोरांच्या आया माझ्याकडे कपडे टाकेनाशा झाल्या. ताठवाल्यांची संख्या मात्र वाढत होती; त्या वीस पोरांच्या बापांपैकी पंधरा तरी त्यांच्यात गेले. उघड उघड चौकात उभे राहायला लागले. हसणारं आता कोणी नव्हतं.

सुटला त्या दिवशी तो सरळ दुकानात आला. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी एका काळ्या कोटाचं अस्तर बदलत होते. मान वर केली तर दारात तो. गालफडं बसलेली, केस बारीक, पण पाठ कधी नव्हे इतकी सरळ. मी उठले, त्याला मिठी मारली, आणि हमसून हमसून रडले. सगळं एका दमात सांगितलं, खडू, गिरणी, कचेरी, सही. "मला वाटलं तुला वाचवतेय रे. मला माफ कर. मारून टाक पण माफ कर."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी त्याच्या पाठीवरून फिरवायची तसा. "तुझा कागद त्यांनी कोर्टात मोठ्याने वाचला. 'माझा भाऊ भोळा आहे' हे वाचताना कोर्टातला कारकून हसला. तुझ्यावर राग नाही ताई. तुला भीती घातली त्यांनी. दोष तुझा नाही."

एवढं ऐकायला मी अकरा महिने तळमळत होते. मग माझ्या छातीत गार वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो बोलला ते शब्द बरोबर होते, पण पाठ केल्यासारखे होते. धाकटा असं कधी बोलायचा नाही. काहीतरी फालतू विनोद केला असता त्याने, दोन कर्ण वगैरे.

"खाल्लंस का काही? किती वाळलास रे. आत कसं ठेवलं होतं तुला?"

"ताठवाल्यांबरोबर. एका बराकीत दीडशे." स्टुलावर बसला. "गंमत सांगू? आत शिकवायला बंदी नाही. तुरुंगासाठी कलम लिहायचं विसरले ते. बाहेर वीस पोरं होती माझ्याकडे, आत दीडशे बाप्ये. मन लावून ऐकायचे. असा वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता."

"काय शिकवलंस त्यांना?"

"आधी भूमिती. मग त्यांनी मला शिकवलं." तो भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होता. "पहिल्या कलमापासून सुरुवात केली. एकेक पायरी. कुठे चूक सापडत नाही ताई, सगळं सिद्ध होतं. दोष सही करणाऱ्याचा."

"सहीवाल्याने धान्य आणलं होतं रे. तूही खाल्लंस, मी वाढलं होतं."

"म्हणूनच. त्या घासाबरोबर आपण मान खाली घातली," तो म्हणाला.

मशीनवर पसरलेल्या कोटावर त्याने हात ठेवला, कापड बोटांत धरून बघितलं. इस्त्रीवाल्याचं बोट ते, कापड ओळखतंच.

"सहीवाल्याचाच ना हा? लढाईच्या आधी हा घालून शाळेत बक्षीस द्यायला यायचा."

"हो."

"कधी येणार न्यायला?"

"उद्या चारला," मी म्हणाले. गिऱ्हाइकाची वेळ कोणी विचारली की मी सांगते. तीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं मी काय सांगितलं ते.

"स्वतः येणार?"

मी कोट माझ्याकडे ओढून घेतला.

"स्वतःच येणार," तो म्हणाला. "आता कोण आहे त्याला." उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, "उद्या दुपारी दुकान लवकर बंद कर ताई. मावशीलाही घरी पाठव." आणि काजवाली मावशीकडे बघून किंचित हसला. तिने मान खाली घातली आणि काज पुढे चालू ठेवलं.

तो गेला. घड्याळात पावणेचार. तहकचेरी पाचपर्यंत उघडी असते. म्हाताऱ्याचं घर तर त्याहून जवळ, हाकेच्या अंतरावर. चपला दारात होत्या. म्हाताऱ्याला सांगितलं तर म्हातारा कचेरीत जाणार, कचेरी धाकट्याकडे येणार, आणि या खेपेला अकरा महिने नाहीत, दोरी. तो काहीच करत नव्हता तेव्हा मी धावत गेले होते. आता संशयसुद्धा उरला नव्हता, स्वच्छ माहीत होतं मला.

मी चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेले. समोरच्या फुटपाथवरून सहीवाला काठी टेकत चालला होता, गेलेल्या डोळ्याची बाजू माझ्याकडे, म्हणून त्याला मी दिसले नाही. हाक मारली असती तर थांबला असता. तो वळणावर जाईपर्यंत मी बघत राहिले.

मग चपला काढल्या, आत आले, आणि मशीनवर बसले. कोटाच्या अस्तराची एक बाजू राहिली होती, आणि उद्या चारला तयार ठेवायचा होता.